वाघिणीचा धुरा

नाल्याकडे जाणाऱ्या पायवाटेवर सागाचे ओंडके अकरा होते, त्यांच्या पलीकडे मोहाची झाडं सात, आणि झाडांच्या पलीकडे वाघीण एक. ओंडके वादळात पडलेल्या झाडांचे होते. मोहाची झाडं कांताबाईची. म्हणजे जमीन जंगलाचीच, पण त्या सात झाडांखाली तिची सासू फुलं वेचायची, सासूची सासूही वेचायची, आणि गावात तेवढा पुरावा पुरतो. वाघीण कोणाची, हे मात्र तोवर कोणी विचारलं नव्हतं.

मग एका रात्री वाघिणीने सगळ्यात जाड ओंडक्यावर मुताचा फवारा मारला. गावातलीच दिव्यानी प्राणिशास्त्रात पदवी घेऊन वन खात्यासाठी झाडांना बांधलेले कॅमेरे तपासायची. तिने फोटो पाहिला आणि सांगितलं, "कांताकाकू, ही तिची हद्द. इथून पुढचं माहं, असं म्हणून राह्यली ती."

"आन् माहे मोह?"

"ते पुढच्यात आले."

त्या दिवसापासून कांताबाईला कोणी तिकडे जाऊ देईना. मोहफुलं पहाटे गळतात आणि महिनाभरात संपतात. ती कोणासाठी थांबत नाहीत. कांताबाई दारात बसून राही आणि तिच्या वाटची फुलं खाऊन रानडुकरं माजत होती. या फुलांवर तिचं पावसाळ्यापर्यंतचं मीठमिरची चालायचं. चौथ्या दिवशी ती उठली, भरदुपारी दिव्यानीला घेऊन ओंडक्यापाशी गेली आणि वाकून तिने वास घेतला.

"हे तर चिन्नोरचा भात शिजल्यावानी वास येते!"

"भाताच्या वासातलं जे असते, तेच याच्यात असते," दिव्यानी म्हणाली.

कांताबाईने ओंडक्याभोवती एक फेरी मारली. शेताच्या बांधाला इकडे धुरा म्हणतात आणि धुऱ्यावर दगड रोवलेला असतो. हाही दगडच की. आणि दगड म्हटलं की तो सरकतो, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? तिच्या शेताला लागून तिच्या चुलत दिराचं, मुखरूचं शेत होतं. मुखरूचा दगड चालतो हे सगळ्या गावाला माहीत होतं; चालताना मात्र तो कोणी पाहिला नव्हता.

ती तशीच मुखरूच्या ओसरीवर गेली.

"भाऊजी, धुरा कसा सरकवाचा?"

मुखरूच्या घशात चहा अडकला. "मले काय माईत? मले काऊन विचारून राह्यली?"

"गावात दुसरा कोन हाय माईतगार?"

"पन... कोनाचा सरकवाचा हाय?"

"वाघिनीचा."

मुखरूने कप खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर हुरूप आला. "असं सांग ना मंग, बाप्पा! आयक. एकदम नाई सरकवाचा. एकदम सरकवला का समोरच्याच्या डोळ्यात येते. दरसाल चार बोटं. जमीन मऊ असते तवा. आन् जुनी जागा पानाफांदीनं झाडून घ्याची, खड्डा ठेवाचा नाई."

कांताबाईने मनातल्या मनात बोटं मोजली. पण तो हिशेब तिने तूर्त बाजूला ठेवला. "मोह का दिवाळीपर्यंत थांबते, भाऊजी? साठ मीटरात झाडं हायेत माही."

घासाघीस होऊन रोजचे दहा मीटर ठरले. मुखरूला ही घाई धंद्याला काळिमा फासणारी वाटली.

ओंडका ओढायला मुबीन होता. ट्रॅक्टर जात नाही तिथून लाकडं काढायला तो बल्लारपूरहून एक यंत्र घेऊन आला होता: चार जाडजूड चाकं, मोटारसायकलसारखं हँडल, मागे साखळी. गाव त्याला चारपायी फटफटी म्हणे. मुबीन मुखरूकडेच उतरला होता आणि फटफटी रोज मुखरूच्या अंगणात उभी राही.

"बाई, मी लाकडं रोडवर न्यायले आलो," मुबीन म्हणाला. "तुम्ही तर जंगलात वापस न्यायले लावून राह्यले. सेठले काय सांगू?"

"सांग का लाकूड वाट चुकलं," कांताबाई म्हणाली.

दिव्यानीने सांगून पाहिलं, की वाघिणीला नाक असतं, तिला सगळं समजेल, असं कधी होत नसतं. मग ती म्हणाली, "पण..." आणि थांबली. असा प्रयोग कोणी केल्याचं तिच्या वाचनात नव्हतं. तिने दोन कॅमेरे वाढवले आणि बाकीचे दहा ओंडके तुलनेसाठी जागेवरच ठेवायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात वाघिणीचा धुरा चोरून सरकवायला सुरुवात झाली. फटफटी अशी गरजली की वानरं डोंगरापर्यंत पळाली. मुखरू चवड्यांवर चालत होता.

"हळू रे, हळू! आयकंल ना थे!"

"चाचा, पाचशे सीसीची मशीन हाय," मुबीन ओरडला. "ही का कानात बोलते?"

दहा मीटर झाले. मुखरूने पळसाच्या फांदीने ओढल्याची खूण पुसली, वर सुकी पानं पसरली आणि चार पावलं मागे जाऊन आपलं काम न्याहाळलं.

रात्री वाघीण आली. जुन्या जागी तिने हुंगलं, बसली, इकडेतिकडे पाहिलं. मग पुढे जाऊन ओंडक्यावर नव्या जागी फवारा मारला.

"पाह्य!" फोनमधला फोटो बघून मुखरू म्हणाला. "शंका आली होती तिले. पन पुरावा नाई भेटला."

असे तीन दिवस गेले. पहिली तीन झाडं मोकळी झाली. कांताबाई उजाडल्यावर टोपली घेऊन जायची आणि ओंडक्यापर्यंतच वेचायची. ओंडक्यापलीकडे हातभर अंतरावर फुलांचा सडा पडलेला असला तरी ती हात लावत नसे. "थे तिचे," असं म्हणायची.

चौथ्या दिवशी साखळी तुटून फटफटीच्या चाकात गुंतली. मुबीनने फटफटी रात्रभर ओंडक्यापाशीच सोडली. सकाळच्या फोटोत वाघिणीने आधी ओंडका हुंगला, मग फटफटी हुंगली, आणि फटफटीच्या मागच्या चाकावर फवारा मारला. ओंडक्याकडे तिने पुन्हा पाहिलं नाही.

मुबीनने साखळी सोडवून जोडली, गाडी शॅम्पूने दोनदा धुतली. वास गेला नाही.

"काका, आता ही अंगणात नका ठेवू," दिव्यानी मुखरूला म्हणाली. "धुऱ्याचा दगड आता हीच हाय."

"काऊन? वास तं असा येऊन राह्यला का कोनी जेवाले बलावलं." मुखरू हसला. "आन् पोरी, इतकी महागाची वस्तू बाहेर ठेवाची? धुऱ्याच्या बाबतीत मले कोनी शिकवू नये. आजवर माह्याकडून कोनी बोटभर नेलं नाई."

दिव्यानीने कांताबाईकडे पाहिलं. कांताबाई टोपलीतली पानं निवडत होती. "भाऊजी माईतगार हायेत," ती म्हणाली.

उरलेले तीस मीटर मुबीनने त्याच दिवशी, मुखरूचा विरोध असताना, एका दमात ओढले. ओंडका सातव्या झाडापलीकडे गेला. संध्याकाळी फटफटी मुखरूच्या अंगणात, नेहमीच्या जागी, उभी राहिली.

सकाळी दिव्यानी टेप घेऊन निघाली. सात झाडांखाली त्या दिवशी एकवीस किलो ओली मोहफुलं निघाली. वाघिणीच्या पंजाचा सगळ्यात ताजा ठसा सातव्या झाडापासून चारशे दहा मीटरवर होता. मुखरूच्या ओसरीपासून चार मीटर वीस सेंटिमीटरवर.