वाहतुकीस योग्य

प्रोफेसरांनी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि मुलीच्या हातातली सुरी काढून ओट्यावर ठेवली.

"आधी माझं ऐक. सही करून टाक."

मुलीने ओले हात टॉवेलला पुसले. पूल तपासणाऱ्या खात्यात ती इंजिनिअर होती. नदीवरच्या मोठ्या पुलाचे खांब तिने होडीतून जाऊन पाहिले होते. मधल्या खांबाचं काँक्रीट पाण्यालगत सुटत चाललं होतं, आतल्या सळ्या उघड्या पडून गंजल्या होत्या. पूल ताबडतोब बंद करावा असं तिचं मत होतं. पण महिनाअखेरीस राष्ट्रदिनाची मिरवणूक त्याच पुलावरून जायची होती आणि साहेबांना तिच्याकडून दोनच शब्द हवे होते: वाहतुकीस योग्य. हे सगळं तिने आठवड्यापूर्वी जेवताना सांगितलं होतं. त्यानंतर घरात कोणी तो विषय काढला नव्हता.

"तुम्ही सांगताय हे?" ती म्हणाली. "तुम्ही, बाबा?"

"हो, मीच. तुझ्या आधीच्या माणसाला कुठल्या कुठे फेकलं, आहे ना लक्षात? वर चौकशी मागे लावली ती वेगळीच. जावईबापूंचा कारखाना बंद. घर तुझ्या एकटीच्या जिवावर चाललंय. मिरवणूक होऊन जाऊ दे, मग लाव लकडा दुरुस्तीचा. तेव्हा कोण अडवतंय?"

"आणि तोवर?"

"तोवर काही होत नाही गं. इतकी वर्षं उभा आहे."

ती काहीतरी बोलणार होती, पण बाहेरून जावयाची हाक आली.

"बाबा, आटपा! उशीर झाला तर साम्राज्य आज पडायचं राहील!"

हा घरातला जुना विनोद होता. एका प्राचीन साम्राज्याचा ऱ्हास हा प्रोफेसरांचा उभ्या हयातीचा विषय. विद्यार्थी त्यांना पाठीमागे 'ऱ्हाससर' म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं, थोडंफार आवडतही होतं. निवृत्तीनंतर बोलावणी कमी झाली होती. आज मात्र नदीपारच्या नगरसभागृहात त्यांचं जाहीर व्याख्यान होतं: साम्राज्यं का लयाला जातात आणि आजच्या राष्ट्रांनी त्यातून काय घ्यावं.

मुलीने सुरी धुऊन जागेवर ठेवली आणि गाडीची किल्ली घेतली. जावई छोट्या नातीला सांभाळायला घरीच थांबला. वाटेत प्रोफेसर मांडीवरची टिपणं वाचत राहिले. गाडी कुठून कुठे गेली हे त्यांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

सभागृह भरलं होतं. सुरुवातीला त्यांचा आवाज जरा चिरकला, मग लागला.

"आपण म्हणतो, परकी टोळ्या आल्या आणि साम्राज्य बुडालं," ते म्हणाले. "टोळ्या त्याआधीही येतच होत्या, आणि मार खाऊन परत जात होत्या. मग या खेपेला काय झालं? सरहद्दीवरचे तट ढासळले होते. शिबंदी निम्मीही उरली नव्हती. पण राजधानीत दर वर्षी खबर पोचत होती की तट भक्कम आहेत आणि कोठारं भरलेली आहेत. सुभेदाराला वाईट बातमी नको होती, म्हणून किल्लेदाराने ती दिली नाही. मंत्र्याला नको होती, म्हणून सुभेदाराने दिली नाही. यांतला एकही माणूस फितूर नव्हता. प्रत्येकाने फक्त आपली नोकरी सांभाळली."

हे शेवटचं वाक्य त्यांनी वर्षानुवर्षं वर्गात म्हटलं होतं. त्यानंतर ते मुद्दाम थोडं थांबत. आज थांबले आणि पुढचं वाक्य आलंच नाही. त्यांनी पेला उचलला, पाण्याचा घोट घेतला, पुन्हा घेतला. पहिल्या रांगेत मुलगी मांडीवर हात ठेवून त्यांच्याकडे पाहत होती.

प्रश्नांच्या वेळी मागून एक तरुणी उठली.

"सर, त्यांतल्या एकालाही वाटलं नसेल का, की खरं ते कळवावं?"

"वाटलं असेल की," प्रोफेसर म्हणाले. "पण नुसतं वाटण्याची इतिहासात नोंद होत नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मुलगीही टाळ्या वाजवत होती. प्रोफेसरांनी टिपणं गोळा करण्याच्या निमित्ताने मान खाली घातली.

बाहेर माणसांनी त्यांना गराडा घातला. एक जुनी विद्यार्थिनी नवऱ्याला आणि दोन्ही मुलांना घेऊन आली होती.

"नदीपलीकडून मुद्दाम आलोय, सर. तुमचा तो आवाज पोरांच्या कानावर पडू दे म्हटलं."

"झोपली नाहीत ना?"

"धाकटा झोपला," ती हसून म्हणाली. "निघतो हं आता, बस चुकायची."

ती मंडळी थांब्याकडे पळाली. धाकटा बापाच्या खांद्यावर होता. प्रोफेसर हात वर करून तसेच उभे राहिले.

गाडीत बसल्यावर त्यांनी पट्टा लावला, सोडला, पुन्हा लावला. दिवेलागण झाली होती.

"मघाशी घरी मी बोललो ना," ते म्हणाले, "ते विसर. सही करू नकोस. काढू देत नोकरीवरून. माझं पेन्शन आहे, दिवस निघतील."

मुलगी समोर बघत होती.

"शुक्रवारीच केली मी सही."

तिने गाडी सुरू केली.

"दुपारी तुम्ही दार लोटलंत ना," ती म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला कुठून तरी कळलं. आता चांगले फैलावर घेणार मला. मी वाटच बघत होते."

प्रोफेसरांना कुठेतरी आत हायसं वाटलं होतं. ते जाणवलं आणि त्यांनी हातातली टिपणं घडी करून खिशात कोंबली.

चौकात पुलाकडे जाणारी वाहनं उजवीकडे वळली. मुलीने गाडी डावीकडे घातली.

"इकडून कुठे?"

"धरणावरून."

"केवढा फेरा पडेल."

"पडू दे. येतानाही इथूनच आलो."

रस्ता अरुंद होता, खड्ड्यांचा. गियर बदलता बदलता ती म्हणाली,

"छोटीची शाळेची बस बंद केलीय. उद्यापासून मीच सोडीन. थोडं लवकर निघावं लागेल, एवढंच."

"बरं केलंस," प्रोफेसर म्हणाले.

चटकन बोलून गेले. बोलल्यावर त्यांनी मुलीकडे पाहिलं. तिने पाहिलं नाही.

वळणावर झाडी संपली आणि खाली दूरवर पूल दिसला. दिव्यांची माळ या काठापासून त्या काठापर्यंत गेली होती आणि तिच्याखालून एक बस हळूहळू पलीकडे चालली होती. खिडक्या उजळलेल्या होत्या, आतली माणसं एवढ्या लांबून दिसणं शक्य नव्हतं.

प्रोफेसरांनी गाडीची काच वर केली.