हळदीने दिलेली साक्ष

खंबातला तेल लागल्याची वार्ता वर्तमानपत्रांत आली, त्याच्या पुढच्या फाल्गुनात आमच्या गावी पाणी पेटू लागले. गाव धरणगावापासून दोन कोसांवर, विहीर मंजुळाबाईची. दिवस मावळतीला टेकला की पंचक्रोशीतील माणसे तिच्या काठी जमत. ज्वालानंद महाराज लाल फडक्यात बांधलेला नैवेद्य विहिरीत सोडीत. थोड्याच वेळात तळातून बुडबुडे उठत. महाराज पेटता कापूर खाली टाकीत आणि पाण्यावर ज्वाला नाचू लागत.

जल आणि अग्नी यांचे हे सख्य पाहून लोक भूमीवर मस्तक टेकीत. मीही हात जोडले. अग्नी कोठेही दिसला तरी त्यास वंदन करावे, असे मला गुरुगृही शिकविले आहे. तो कोणी पेटविला, हे वंदनानंतर विचारता येते.

ज्वालेबरोबर लसणीसारखा एक उग्र वासही येई. त्याचा खुलासा महाराज स्वतःच करीत. "देवी को लहसुन वर्ज्य आहे. ज्यांनी ज्यांनी लसूण खाल्ला, त्यांनी दहा पावले मागे व्हावे."

आता खानदेशात लसूण न खाल्लेला मनुष्य शोधावयाचा म्हणजे तान्ह्या मुलांकडेच जावे लागेल. सारी गर्दी निमूटपणे मागे सरे.

"लसूण नही ते जेवन कसानं?" तोताराम पाटील पुटपुटले, पण तेही मागे सरले. विहिरीच्या काठी महाराज एकटेच उरत.

त्यांचे म्हणणे असे, की खंबातच्या तेलाची शीर भूमीखालून या विहिरीपर्यंत आली असून तिच्यावर ज्वालादेवीचा वास आहे. म्हणून येथील पाणी उपसू नये. मोट थांबविली गेली. मंजुळाबाईचे यजमान निवर्तल्यापासून तिचा सारा भार केळीच्या बागेवर. घड निसवले होते आणि पाने कडेने करपू लागली होती.

एवढ्याने महाराजांचे समाधान नव्हते. त्यांना विहिरीचा उत्सर्ग हवा होता. ज्यांना हा विधी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: जलाशयाचा विधिपूर्वक उत्सर्ग झाला, म्हणजे त्यावरील धन्याचे स्वामित्व संपते. गावचा उपाध्याय म्हणून संकल्प मी सांगावयाचा होता. गावाने चैत्री पौर्णिमा ठरविली.

मंजुळाबाई माझ्या ओसरीवर आली. "आबा, पानी देवीनं शे, मंग मन्या केयी कोन्या?"

पाणी देवीचे, मग केळी कोणाच्या, हा तिचा प्रश्न रास्त होता. तिच्या भावाला येण्यासाठी तार करावी, एवढेच मी सुचविले. तिचा भाऊ पितांबर रसायनशास्त्र शिकून खंबातकडे तेलाच्या शोधाच्या कामावर होता.

पौर्णिमेच्या दुपारी तो आला. घरी पाणी पिऊन थेट विहिरीवर गेला. महाराजांनी त्या दिवशीचा पहिला नैवेद्य नुकताच सोडला होता. पितांबराने वास घेतला, आणि मला वाटते, त्याला तेव्हाच सारे कळले. परंतु तो शांतपणे बसला.

"महाराज, खंबातचे तेल इकडे येते म्हणता. मी तिथेच असतो," तो म्हणाला.

"मग तुम्हाला देवीचा महिमा ठाऊकच असणार."

"आमच्याकडे देवीला फार त्रास देतात. खडक चुनखडीचा असला तर विहिरीत आम्ल सोडतात. खडक विरघळून भेगा रुंद होतात, तेलाला वाट मिळते. दोन विहिरी आतून जोडलेल्या आहेत का, हे पाहायचे तर एकीत रंग सोडतात आणि दुसरीत तो उतरतो का ते बघतात. आपण रंग सोडून पाहिला होता का?"

"श्रद्धा हाच आमचा रंग," महाराज म्हणाले. लोकांनी मान डोलाविली. पितांबरानेही डोलाविली.

पूजेस आरंभ झाला. गावच्या सुवासिनी हळदीची ताटे घेऊन पुढे आल्या. उत्सर्गाच्या विधीत हळद असतेच. ती महाराजांची योजना नव्हती. तीर्थ म्हणून विहिरीतून बादलीभर पाणी काढून ताटांवर शिंपडण्यात आले, आणि पिवळी हळद पाहता पाहता तांबडी झाली.

क्षणभर महाराजही चकित झाले. परंतु आलेला चमत्कार परत पाठविणे त्यांच्या स्वभावात नव्हते. "देवीने हळद घेतली, कुंकू दिले," ते गरजले. शंख वाजला. मंजुळाबाई खाली मान घालून उभी होती.

पितांबर उठला. ताट घेऊन उभ्या असलेल्या वृद्ध तानुबाईंना त्याने विचारले, "अक्का, घरी कुंकू कसं करतस तुम्ही?"

"हयदले चुना लावतस. दुसरं काय?" तानुबाई म्हणाल्या. बोलून झाल्यावर त्यांनी ताटाकडे पाहिले, मग विहिरीकडे. "पन पानीमा चुना कोनी टाका?"

पितांबराने एका ताटात लिंबू पिळले. देवीने दिलेले कुंकू पुन्हा हळद झाले.

मग त्याने गळ सोडून तळातील गाठोडे वर काढले. फडक्यात पांढरा लगदा होता आणि मधोमध काही राखाडी खडे शिल्लक होते. घरून आणलेल्या घागरीतील स्वच्छ पाणी त्याने परातीत ओतले, एक खडा टाकला आणि काडी ओढली. परात पेटली. तोच वास सुटला.

"हे कार्बाइड. वरातीतल्या बत्त्यांत घालतात तेच," तो म्हणाला. "पाणी लागले की यातून पेटणारा वायू निघतो आणि मागे चुना उरतो. वास खड्यांचा, तुमच्या लसणीचा काही दोष नाही. मोट चालू असती तर चुना उपशाबरोबर निघून गेला असता. पाणी उपसू नका म्हटल्यामुळे तो साठत गेला."

"आम्ही महिनाभर उगाच मागं सरनूत," तोताराम पाटील म्हणाले.

महाराजांनी सायंस्नानाची वेळ झाल्याचे सांगितले आणि ते गिरणा नदीकडे निघाले. झोळी त्यांनी सोबत घेतली होती.

सर्वांचे डोळे माझ्याकडे वळले. हातातील दर्भ मी खाली ठेवले. "धन्याची इच्छा नसता केलेला उत्सर्ग सिद्ध होत नाही. मंजुळाबाई, तुझी इच्छा आहे का?"

"मनी इच्छा मोट चालाडानी शे," ती म्हणाली.

त्याच सायंकाळी बैल जुंपले. पहिले पाणी पितांबराने बागेत जाऊ दिले नाही; बांधाबाहेर सोडविले. दर थोड्या वेळाने तानुबाई ओंजळभर पाण्यात चिमूटभर हळद टाकून पाहत आणि नकारार्थी मान हलवीत. सकाळी ऊन वर आले तेव्हा कोठे हळद पिवळीच राहिली, आणि पितांबराने पाट केळीकडे वळविला.

मी देवाला मानणारा मनुष्य आहे आणि मानीतच राहीन. म्हणूनच वाचकांस विनवितो, की देवाच्या नावाने कोणी तुम्हांस दहा पावले मागे सारील, तर तेथेच थांबा आणि दहा पावले पुढे जाऊन पाहा. जे खरे आहे, ते जवळून पाहिल्याने विटाळत नाही.