एका घरात दोन अर्थिंग

सासऱ्यांनी जावयाला रविवारपर्यंतची मुदत दिली होती. तोवर गच्चीवरच्या अँटेनाचं अर्थिंग पास झालं नाही, तर अँटेना खाली उतरणार. पस्तीस वर्षं लाइनमन म्हणून खांबांवर काढलेला हा माणूस टेस्टर लावल्याशिवाय कशावरच विश्वास ठेवत नसे. शिवाय घर त्यांचं. जावई वरच्या मजल्यावर राहायचा, हौशी रेडिओवरून सातासमुद्रापलीकडच्या अनोळखी लोकांना आपल्याकडचं हवामान सांगायचा, आणि एवढ्यावर सुखी होता.

त्याने जय्यत तयारी केली. विजेचा लोंढा जमिनीत वळवणारा अरेस्टर केबलवर बसवला, मागच्या अंगणात तांब्याचा रॉड ठोकला. रविवारी सासरे हातमोजे घालून आले. मुलगी देतानाही त्यांनी एवढी चौकशी केली नव्हती.

"हा रॉड घराच्या अर्थिंगच्या रॉडला कुठे जोडलाय?"

"नाही जोडला, बाबा. म्हटलं, तुम्हाला त्रास नको."

सासऱ्यांनी डोळे मिटले. मग समजावलं, की वीज पडली की एका रॉडची जमीन हजारो व्होल्टवर चढते, दुसऱ्याची नाही, आणि ती तफावत मिटवायला वीज रेडिओतून वाट काढते. रेडिओला हात लावून बसलेल्या जावयातूनही. त्याचं दुःख होईलच, पण घराचं वायरिंगही जाईल.

"एका घरात एकच अर्थिंग. चढलं तर सगळं घर एकदम चढेल. भांडण नको."

दोन्ही रॉड तारेने जोडायचे, तर वाटेत सासूबाईंचा गुलाबांचा वाफा. वळसा घालू म्हटलं, तर सासरे म्हणाले वीज वळणं घेत नाही. सरळ नेऊ म्हटलं, तर सासूबाई खुरपं घेऊन वाफ्यात उभ्या. जावई पाना घेऊन अँटेना उतरवायला शिडीकडे निघाला.

"अहो, रॉड कशाला जोडताय?" सासूबाई म्हणाल्या. "जावईबापूंचा तो रॉड काढा आणि केबलच आणा की मीटरपाशी, घराच्या रॉडजवळ."

पस्तीस वर्षांचा अनुभव खाली वाकला आणि जावयाचा रॉड उपटायला लागला.

मीटर होता सासऱ्यांच्या खोलीच्या भिंतीवर. तिथून केबल आत आली, केबलमागोमाग रेडिओ आला. अँटेना वाचली. आता रोज संध्याकाळी माइकसमोर सासरे बसतात. लायसन्स जावयाचं, त्यामुळे त्याने शेजारी हजर असणं नियमाने आवश्यक आहे; तो स्टुलावर हजर असतो. कुठल्याही खंडातून आवाज आला, की सासरे हवामान विचारत नाहीत. रॉड किती, एवढंच विचारतात.

काल पलीकडचा म्हणाला, दोन. वेगवेगळे.

सासऱ्यांनी माइक जावयाच्या हातात दिला.

"तुम्हीच सांगा त्याला. मला बोलवत नाही."

आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदाच जावई रेडिओवर बोलला.