फरशीतलं लाजाळू

जनाबाईला अंगणात लावायला रोप हवं होतं, पण फुलाचं नको होतं, वासाचं नको होतं, औषधी तर मुळीच नको होतं. वर्तकनगरच्या नर्सरीतला कुंडलिक तिच्यापुढे हात टेकायच्या बेतात आला. शहाबादी फरश्यांमधल्या फटींसाठी त्याने चिनी गुलाब दाखवला, दूर्वा दाखवल्या. कुणा साहेबासाठी मागवलेला विलायती ओवाही दाखवला. पायाखाली चिरडला की घमघमतो, पण आपल्या पावसात सडेल, हेही सांगून टाकलं.

"पाय परला का कलंल, असा काय हाय?" जनाबाईने विचारलं.

कुंडलिक हसला. "मग लाजाळू न्या, आजी. काटे असतात हां. कुंपणाजवळ माजलंय, उपटून देतो."

सोबत आलेली सून शीला पिशवी उघडून पुढे झाली.

ठाण्याच्या खाडीकाठी कोळीवाड्यात त्यांचं घर. अंगणातली फरशी जनाबाईच्या मुलाने, नाथाने, स्वतः बसवलेली. दाराजवळची एक डुगडुगत राहिली. "होलीनंतर बसवतो," म्हणाला, आणि होळीआधीच खाडीत गेला तो गेलाच. होडी सापडली, नाथा नाही. त्याला तीन वर्षं झाली. आता सत्त्याऐंशी साल होतं, आणि शीलाच्या भावाने, दौलतने, डोंबिवलीचं एक स्थळ आणलं होतं. बाईचा दुसऱ्यांदा पाट लावण्यात वाड्यात कुणाला वावगं वाटत नसे. मात्र आधी नाथाचे दिवस करायला हवेत, आणि जनाबाई काही केल्या हो म्हणत नव्हती.

कारण भरतीच्या दुपारी ती फरशी वाजायची. टक्-टक्. नाथाच्याच चालीने. म्हातारी हट्टी खरी, पण खोटारडी नव्हती. आवाज शीलालाही यायचा, आणि ती मान खाली घालून चूल फुंकत राहायची.

"पोर जिता हाय माजा," जनाबाई म्हणे. "रुसलाय, म्हनून दिसत नाय. आता लाजालू चुगली करंल."

पावसाने रोपं जोमात पसरली. गणपती गेले तोवर फटी हिरव्यागार झाल्या. एका दुपारी भरती चढली, वारा पडलेला. जनाबाईने मांजरसुद्धा हाकलून दिलं आणि उंबऱ्यावर बसली. फाटकापासून दारापर्यंत सगळी पानं उघडी होती.

टक्-टक्.

तिच्या डोळ्यांदेखत ती फरशी एका अंगाला कलली आणि परत टेकली. खाडीच्या चिखलाचा गार वास अंगावर आला. फरशीच्या कडेचं लाजाळू तसंच होतं. एक पान मिटलं नाही.

जनाबाई बघतच राहिली. तो येत होता, यात काही खोटं नव्हतं. पण जित्या माणसाचा पाय नव्हता तो. तीन वर्षांत पहिल्यांदा ती पोटभर रडली, आणि मग आत वळून म्हणाली, "शीला, दौलतला सांगावा धार गो. नाथाचे दिस करू."

दिवस झाले. शीला निघाली तेव्हा सासूच्या पाया पडली आणि चपला हातात घेऊन अनवाणीच चालू लागली. काटे टोचत असणार, पण थांबली नाही. तिच्या पावलांमागे पानं मिटत गेली, थेट फाटकापर्यंत.

थोड्या वेळाने ती पुन्हा उघडली. खाडी भरून आली होती. जनाबाई कान लावून बसली, पण फरशी वाजली नाही. पाणी उतरायला लागलं तरी वाजली नाही.

मग ती गुडघ्यांवर हात देऊन उठली आणि स्वतःच त्या फरशीवर उभी राहिली. टक्-टक्. पायाभोवतीची पानं मिटली.