ओल्या केसांचे आजारी

कल्पना करा मुलांनो, तुम्ही एका जुन्या सरकारी जीपच्या मागच्या सीटवर बसला आहात. खिडकीची काच अर्धीच खाली जाते. भामरागडच्या बाजूचा रस्ता पावसाने जागोजागी खाल्लेला आहे. पाऊस गेला, स्वच्छ ऊन पडलं, तरी नाल्यांना अजून पाणी आहे. जीप नाल्यात उतरली की इंजिन असं ओरडतं की लांबच्या मोहाच्या झाडावरची वानरंसुद्धा माना वळवून बघतात. पुढच्या सीटवर तुमची आई बसली आहे आणि बराच वेळ ती काही बोललेली नाही. आई गप्प असली की बाकीचं सगळं जास्त ऐकू येतं, नाही का?

बसलात नीट? मग आता तुमचं नाव संघप्रिया. तुम्ही चंद्रपूरच्या शाळेत सहावीत आहात आणि दिवाळीच्या सुट्टीत आईजवळ राहायला आला आहात. तुमची आई, कमला रामटेके, वनपरिक्षेत्र अधिकारी आहे. एवढं लांब नाव कोण घेणार? सगळे तिला रेंजर मॅडम म्हणतात. इथून पुढे मी संघप्रियाची गोष्ट सांगतो. तुम्ही तिच्या शेजारी बसून राहा आणि तिला जे दिसतं ते बघत चला.

आई गप्प होती, त्याला कारण होतं. पावसाळा संपला की जंगलात कामं निघतात. रोपवनातलं गवत काढायचं असतं, वाहून गेलेल्या वाटा दुरुस्त करायच्या असतात, गस्त वाढवायची असते. आणि नेमक्या त्याच वेळी तिचे बरेचसे लोक आजारपणाच्या रजेवर होते. सरकारी नोकरीत अशी रजा मिळते. आजारी माणसाने घरी पडून बरं व्हावं आणि तोवर त्याच्या घरची चूल पेटती राहावी, म्हणून ती असते. पण रजा खरी की खोटी, हे कोणीतरी पाहावंही लागतं. एकजण खोटं बोलून घरी बसला, तर त्याचं काम दुसऱ्याच्या डोक्यावर येतं.

ऑफिसातला कारकून दिनेश याच्या मते त्यात पाहण्यासारखं काहीच नव्हतं. तो म्हणाला होता, "मॅडम, यायले कापणीचा ताप येते. धान घरात आला का ताप उतरते."

सगळे हसले होते. आईही हसली होती. पण खुर्चीत बसून कोणाचा ताप कळत नाही, असं म्हणून तिने जीप काढायला सांगितली. प्रत्येकाच्या घरी जाऊन स्वतः बघायचं तिने ठरवलं होतं.

पहिलं घर पत्रूचं. पत्रू वनमजूर होता. अर्जात त्याने लिहिलं होतं की उभं राहवत नाही. जीप अंगणाशी थांबली तेव्हा पत्रू खाकी शर्ट घालून कुऱ्हाडीने लाकूड फोडत होता. मॅडमला पाहून त्याचा चेहरा फुलला. त्याने खाट टाकली, बायकोला चहा ठेवायला सांगितलं, आणि तब्येत विचारली तर एकदम चांगली आहे म्हणाला.

दुसरं घर झाडू नावाच्या मजुराचं. तोही खाकीत. तो तर कुंपण बांधत होता, आणि जीपसमोर धावत आला.

दोन्ही घरी आईने चहा घेतला, चार शब्द बोलली आणि निघाली. जीपमध्ये बसल्यावर तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. जीप चालवणाऱ्या मुखरूला मात्र हसू आवरत नव्हतं. आजारी माणूस वर्दी घालून बसलेला आपण पहिल्यांदाच पाहतो आहोत, असं तो म्हणाला.

संघप्रियाच्या डोक्यात वेगळंच काहीतरी घोळत होतं. तिने पुढच्या सीटच्या पाठीवर हनुवटी टेकवली.

"मुखरूभाऊ, आजारी मानूस थंड पान्यानं आंघोळ करते का?"

"आजारी असन तर कायले करन? हे आजारी नाईच ना, पोरी."

उत्तर सरळ होतं, पण ते तिच्या प्रश्नाला पुरलं नाही. पत्रूचे केस ओले होते. कानामागून पाणी गळत होतं. झाडूचे केसही ओले होते. दोघांनी आपण येण्याच्या जरा आधीच का बरं आंघोळ केली असेल? आणि पत्रू लाकडं फोडत होता म्हणावं, तर त्याच्या पायाशी एकच लाकूड फुटलेलं होतं. तुम्ही लाकडं फोडायला बसलात, तर एकच फोडाल?

सगळ्यात मोठं कोडं त्यांच्या हसण्याचं होतं. संघप्रियाने गृहपाठ केला नसला की वर्गाच्या बाई समोरून येताना दिसताच ती गल्ली बदलायची. खोटं बोललेला माणूस लपतो. हे लोक पकडायला आलेल्या माणसाला धावत भेटायला येत होते. असं कसं?

तिने आईला विचारलं. आई म्हणाली, "मलाही तेच कळत नाही." मग थोड्या वेळाने ती मुखरूशी बोलू लागली आणि संघप्रियाने ऐकलं. आता आजचं शेवटचं घर वनरक्षक सुकलूचं होतं. तो सगळ्यांत जास्त दिवस रजेवर होता. डॉक्टरचा कागद नाही, नोटिसांना उत्तर नाही. आज तोही असाच धडधाकट दिसला, तर आईला तसा अहवाल वर पाठवावा लागणार होता. एकदा तो गेला की सुकलूची नोकरी वाचणं कठीण होतं. आईला ते करायचं नव्हतं, हे तिच्या आवाजावरून कळत होतं. पण डोळ्यांनी दिसेल ते लिहिणं तिला भाग होतं.

सुकलूचं गाव नाल्याच्या पलीकडे होतं. जीप नाल्यात अडकली, ओरडली, सुटली, पुन्हा ओरडली. ते अंगणात पोचले तेव्हा सुकलू दारात उभा होता. खाकी वर्दी, कमरेला पट्टा, पायात बूट. त्याने कडक सलाम ठोकला.

आणि केस ओले.

आईने खाटेवर न बसताच विचारलं, "सुकलू, तब्येत कशी आहे?"

"एकदम चांगली हाय, मॅडम. काईच नाई झालं."

"मग कामावर का येत नाहीस?"

"येतो ना. उद्यापासूनच येतो."

आईने मान खाली घातली. तुम्हाला आणि मला कळतं, की एवढ्या दोन वाक्यांत सुकलूने स्वतःचा अहवाल स्वतःच लिहून टाकला होता.

सुकलूची बायको कलाबाई जेवल्याशिवाय जाऊच देईना. आईने नको म्हटलं, पण पाहुणा उपाशी पाठवायचा नाही ही तिथली रीत. शेवटी असं ठरलं की आई आणि मुखरू गावामागचं रोपवन पायी बघून येतील, तोवर भात होईल. संघप्रिया सुकलूच्या मुलीजवळ, रिनाजवळ थांबली. रिना तिच्याच वयाची होती आणि आश्रमशाळेतून सुट्टीला आली होती.

आई वळणाआड गेली. आणि मुलांनो, त्याच क्षणी सुकलूचा हात दाराच्या खांबावरून घसरला.

तो पडला नाही. कलाबाई एका बाजूने आणि रिना दुसऱ्या बाजूने त्याच्या काखेत शिरल्या. न बोलता, सवयीने, जणू रोजचंच काम. त्यांनी त्याला आतल्या खाटेवर निजवलं, बूट काढले, अंगावर गोधडी टाकली, वर आणखी एक टाकली. तरी खाट कुडकुड वाजत होती. त्याचे दात वाजत होते. उन्हं अंगणात तापली होती आणि हा माणूस दोन गोधड्यांखाली थरथरत होता.

"हे काय झालं?" संघप्रियाने विचारलं.

"हिवताप," रिना म्हणाली. "आरोग्य केंद्रातून गोया आनल्या होत्या. जाते अन् मंग पुन्हा येते."

"मग आत्ता तर ते उभे होते."

"जीपचा आवाज आला ना नाल्यातून. आवाज आला का मंग टाइम भेटते. चांगला दिसाले डोक्यावर पानी टाकलं, वर्दी घातली."

ओल्या केसांचं कोडं सुटलं होतं. पण संघप्रियाला त्याच्या आतलं दुसरं कोडं दिसलं. एवढा ताप असताना तापाच्या माणसाने ताप लपवायचा कशाला? ती तसं बोलली, तेव्हा रिनाने तिच्याकडे असं पाहिलं, जणू ही शहरातली मुलगी अगदीच भोळी आहे.

"तुही आई पाहाले आली ना, बाबा काम करू शकते का नाई ते? झोपून दिसला तर म्हनन, हा मानूस आता कामाचा नाई, काढून टाका."

"नाई गं. आई पाहाले आली का ते खरंच आजारी आहेत का. चांगले दिसले तर म्हणेल खोटं बोलले, काढून टाका."



आता जरा थांबा आणि विचार करा. एकच भेट. येणारा एक गोष्ट बघायला आला, आणि घरचे दुसरीच गोष्ट दाखवत बसले. जो जितका जास्त आजारी, तो तितकी जास्त धडपड करून बरा दिसणार, आणि तितकाच मोठा खोटारडा ठरणार. डॉक्टरचा कागदही सुकलूने याच भीतीने मागितला नव्हता. कामाला जमणार नाही असं डॉक्टरने लिहून दिलं, की आपली नोकरी आपणच सोडल्यासारखं होईल, असं त्याला वाटत होतं. ही चूक सांगायला कोणी नव्हतं, कारण दोन्ही बाजूंना आपण बरोबरच वागतो आहोत असं वाटत होतं.

कलाबाईने चुलीजवळून सगळं ऐकलं होतं. ती येऊन संघप्रियाजवळ बसली. तिच्या हाताला राख होती.

"बाई, तुह्या आईले नको सांगजो. पाहुना जेवाच्या आधी त्याच्यापुढं आपलं दुखनं मांडावं नाई. अन् ह्याइले लाज वाटन."

संघप्रिया हो म्हणाली नाही आणि नाही पण म्हणाली नाही.  मोठ्या माणसाने एवढ्या हळू आवाजात काही मागितलं, तर ते मोडवत नाही. आणि आईला सांगितलं नाही, तर संध्याकाळपर्यंत अहवाल लिहिला जाणार.

तेवढ्यात वळणावरून मुखरूचं खाकरणं ऐकू आलं. घरात एकच धावपळ उडाली. कलाबाईने गोधड्या ओढल्या, सुकलू एका कोपरावर उठून बसला आणि बुटासाठी चाचपडू लागला. रिनाने त्याच्या डोक्यावर ओतायला पाण्याचा लोटा भरला.

संघप्रियाने तो लोटा तिच्या हातातून घेतला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.

 दुसरा लोटा भरायला वेळ नव्हता. आई दारात आली होती. सुकलू खाटेच्या काठावर बसलेला, एक पाय बुटात, एक उघडा, आणि केस कोरडे होत आलेले. मॅडमला पाहताच तो भिंत धरून उभा राहायला लागला.

"झोप, सुकलू," आई चमकून म्हणाली. "हे काय? झोप आधी."

पण तो झोपेना. पाय लटपटत होते, तरी उभाच. आईने पुन्हा सांगितलं. तो आणखी ताठ झाला. संघप्रियाच्या लक्षात आलं. साहेब समोर उभा असताना हा माणूस झोपणार कसा? तिने आईचा हात धरला आणि खाली ओढला. आई जमिनीवर बसली, खाटेच्या अगदी जवळ. मग सुकलूही हळूहळू टेकला. संघप्रियाने आईचा तोच हात उचलून सुकलूच्या कपाळावर ठेवला. तोंडाने ती एक अक्षर बोलली नाही.

आईने हात बराच वेळ काढला नाही.

मग रिना बोलली. बाबांना काढणार का, एवढंच तिने विचारलं. आईने आधी तिच्याकडे पाहिलं, मग कलाबाईकडे, मग तिला सगळं समजत गेलं. ती सुकलूला म्हणाली, "मी तुला काढायला नाही आले. तू आजारी आहेस का ते बघायला आले. आजारी असशील तर नोकरी तुझीच आहे, रजा त्यासाठीच असते. डॉक्टरचा कागद आपण आज जीपने जाऊनच घेऊ."

 सुकलूने कमरेचा पट्टा सोडला.

कलाबाईने आधी सगळ्यांना भात वाढला. आई जेवता जेवता मध्येच थांबली. तिच्या डोळ्यांसमोर पत्रूच्या कानामागून गळणारं पाणी आलं असावं. ती म्हणाली की सुकलूला आरोग्य केंद्रात पोचवलं, की पत्रू आणि झाडूकडे पुन्हा जायचं. दिनेश म्हणतो तसा कोणाला कापणीचा ताप असेलही, पण आता ते नीट बसून, विचारून बघायचं.

मुखरूने डोकं खाजवलं. "मॅडम, जीपचा आवाज आयकून पत्रू पुन्हा आंघोळ करन. मरन ना बिचारा."

आई हसली आणि मग हसता हसता विचारात पडली. जीपशिवाय तिथे जायचं कसं?

संघप्रियाने ताट उचलून ठेवलं, हात धुतले, अंगणात जाऊन बसली आणि पायी चालायचं म्हणून बुटांच्या नाड्या घट्ट बांधायला घेतल्या.