‘प्रवेश’ नावाचं बटण

मी बोलतेय ती पडद्यामागून. घाबरू नका, भूत नाही, वेबसाईट आहे. एका विद्यापीठाची, आणि तीही खास पीएचडी करणाऱ्यांसाठी बनवलेली. विद्यापीठाचं नाव सांगत नाही. घरातल्या गोष्टी चारचौघांत सांगितल्या की थोरामोठ्यांना राग येतो.

माझा जन्म उल्हासनगरचा, दोन हजार सात सालचा. खाली जीन्स शिवणाऱ्या मशिनींची खडखड आणि वरच्या मजल्यावर सिंधी मुकेशशेठचं कॉम्प्युटरचं दुकान. उल्हासनगरात जन्मलेल्या वस्तूकडे लोक आधी ‘ओरिजिनल आहे का’ अशा नजरेनं बघतात. मी अगदी ओरिजिनल. मला घडवलं मनालीनं. ती बदलापूरची, कुळगावातल्या शेतकरी घरातली, वेब डिझाईनचा कोर्स करून नुकतीच कामाला लागलेली. ती नक्की काय काम करते ते घरी कुणालाच कळलं नव्हतं. तिची काकू शेजारणींना सांगायची, “आमची मनू टीव्हीवर कागद लिवते.”

माझं बालपण थाटात गेलं. मुकेशशेठचं म्हणणं एकच, “पार्टीला झगमग पायजे, साईं. सादी चीज कोण बघतो?” म्हणून माझ्या कपाळावर पळती पट्टी, बाजूला डोळे मिचकावणारं ‘नवीन!’ आणि मधोमध कुलगुरूंचा एवढा मोठा फोटो की त्यांना ओलांडून खाली यायला माऊसचं चाक फिरवत बसावं लागे. लग्नातल्या नवरीसारखं मला नटवलं होतं, आणि शालू सावरत चालणाऱ्या नवरीसारखीच मी सावकाश उघडत होते.

त्यात विद्यापीठाच्या संशोधन विभागातल्या साहेबांची अट, की सगळं शुद्ध मराठीत हवं. कोशातून काढलेले शब्द त्यांनी स्वतः पाठवले. सर्चला ‘शोध’, डाउनलोडला ‘अवतरण’, लॉगिनला ‘प्रवेश’. मनालीनं ते इमानदारीनं लावले. शब्द चांगलेच होते हो, पण प्रत्येकाचा आधीपासून दुसरीकडे संसार चाललेला. कुणी ‘शोध’ पाहून विचारायचं, माझा शोधप्रबंध यात टाकायचा का? ‘अवतरण’मध्ये लोक अवतरणचिन्हांचे नियम शोधायचे. ‘प्रवेश’ मात्र कुणी दाबतच नव्हतं, आणि ते का, हे मला कळत नव्हतं.

माणसं मोठी मजेशीर. मला उघडायची, इकडेतिकडे बघायची, क्रिकेटचा स्कोअर पाहून यायची आणि मग विद्यापीठात फोन लावून विचारायची, “वेबसाईटवर काय लिहिलंय हो?” तिकडचा क्लार्क मला उघडायचा. त्यालाही काही सापडायचं नाही. मग तो म्हणायचा, “प्रत्यक्ष येऊन भेटा.” मला भारी राग यायचा. समोरची ओळ ज्यांना वाचता येत नाही, त्यांना डॉक्टर कोण करणार, असं वाटायचं.

हा राग उतरवला यशोधरा मॅडमनी. त्या अंबरनाथच्या बुवापाड्यात वाढलेल्या आणि उल्हासनगरच्या एका ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या. मनाली त्यांचीच विद्यार्थिनी. मॅडमच्या पीएचडीचा विषय होता उल्हासनगरच्या बाजारातली मराठी. म्हणजे सिंधी दुकानदार आणि मराठी गिऱ्हाईक कुठल्या भाषेत घासाघीस करतात ते. त्यांच्या एका प्रकरणात मुकेशशेठची वाक्यं जशीच्या तशी होती, म्हणून प्रिंट काढायला त्या आल्या की शेठ स्वतः खुर्ची पुढे करायचे.

एका गुरुवारी दुपारी त्या अशाच आल्या. मनालीनं मोठ्या उत्साहानं मला उघडलं.

“मॅडम, ही मी बनवलीय. तुमच्यासारख्यांसाठीच आहे. तुम्ही चालवून बघा, मी मध्ये बोलणार नाही.”

मॅडमनी माऊस धरला. ‘शोध’वर गेल्या, परत आल्या. ‘अवतरण’वर गेल्या, परत आल्या. दर वेळी वाटेत कुलगुरू भेटत होते. मनाली ओढणीचं टोक चावत बसली होती. शेवटी तिला राहवलं नाही.

“मॅडम, ‘प्रवेश’ दाबा ना.”

“ते कशाला? माझं ॲडमिशन कधीच झालंय गं. ते नव्या मुलांसाठी असेल.”

“नाही मॅडम, ते लॉगिन आहे, तुमच्यासाठीच,” मनाली म्हणाली. तेव्हा कुठे मला उमगलं. ज्यांच्यासाठी ते दार केलं होतं, ती सगळी माणसं ते नवख्यांचं समजून शेजारून निघून जात होती. आणि विद्यार्थ्यांच्या नावच्या सगळ्या सूचना त्या दाराच्या आत होत्या.

मॅडमनी आपला नोंदणी क्रमांक टाकून ‘प्रवेश’ दाबलं. आत लाल अक्षरांत त्यांच्यासाठी निरोप होता: प्रगती अहवाल मिळालेला नाही, येत्या शनिवारपर्यंत न आल्यास पीएचडीची नोंदणी रद्द होईल.

“मी तर सरांकडे सहीला कधीचा देऊन ठेवलाय,” मॅडम म्हणाल्या. सर म्हणजे त्यांचे गाईड. “मनाली, सगळं पहिल्यापासून करावं लागेल गं. तेवढी रजा मला पुन्हा कोण देणार?” त्यांनी चष्मा काढला आणि पुसत राहिल्या. मला रडता येत असतं तर मी तेव्हा रडले असते.

मनालीनं त्याच दुपारी माझे दागिने उतरवायला घेतले. पळती पट्टी गेली, ‘नवीन!’चे डोळे मिटले, कुलगुरू पासपोर्टच्या आकाराचे झाले. ‘अवतरण’ जाऊन साधं ‘डाउनलोड’ आलं. मला एकदम हलकं वाटलं.

“मॅडम, ‘प्रवेश’च्या जागी काय लिहू?”

मॅडमनी थोडा विचार केला. “आमचे बाबा कुणाच्याही घरी गेले की आधी दारात उभे राहतात. आतून ‘आत या’ ऐकू आलं की मगच पाय टाकतात. आपल्याला लोक आत यायला हवेत ना? मग तसंच म्हण की.”

मनालीनं लिहिलं, ‘आत या’. मुकेशशेठनी मान डोलावली. “बरोबर आहे, साईं. शटर बंद आणि अंदर सेल, तर गिऱ्हाईक येणार कसा?”

दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला. “अहो, विद्यापीठ आहे ते. हळदीकुंकू नाही.”

“सर, सोमवारपर्यंत राहू द्या,” मनाली म्हणाली. “कुणाची तक्रार आली तर बदलते.” साहेब नाराज होते, पण त्यांनी ठेवू दिलं.

शनिवारी मॅडम आल्या त्या बाबांना घेऊन. शिवरामकाका कारखान्यातून रिटायर झालेले, हातात प्लास्टिकच्या पिशवीत नीट ठेवलेला अहवाल. मॅडमना कॉलेजात तास होते, म्हणून सकाळी सही आणायला अंबरनाथ पश्चिमेला सरांच्या घरी तेच गेले होते.

“सरांनी बसवलं का, बाबा?” मॅडमनी विचारलं.

“सही दिली. दारातच दिली. घाईत व्हते,” काका म्हणाले. मॅडमनी त्यांच्या हातातून पिशवी घेतली.

मनालीनं अहवाल स्कॅन केला आणि मला उघडलं. काका वाकून अक्षर लावू लागले.

“आत... या. हे कोन म्हनतंय?”

“विद्यापीठ म्हणतंय, बाबा.”

“आपल्याला?”

“हो, आपल्याला.”

काकांनी पडद्यावरच्या बटणावरून हलकेच बोट फिरवलं. “गावच्या शाळेत बाकीची पोरं आत, मी व्हरांड्यात बसून शिकलो,” ते म्हणाले. “दोन वर्षांत आत ये म्हनून कुनी म्हनलं न्हाई.” मग त्यांनी खुर्चीखाली पाय नेऊन चपला काढल्या, बाजूला नीट जोडून ठेवल्या आणि म्हणाले, “दाब, यशू. बोलावल्यावर थांबू नये.”

अहवाल वेळेत पोचला. विद्यापीठात विचारणा करणारे फोन कमी झाले, तसे साहेबही हळदीकुंकू विसरले आणि बटण राहून गेलं. यशोधरा मॅडम पुढे डॉक्टर झाल्या. नंतर एका मोठ्या कंपनीनं विद्यापीठाला नवी वेबसाईट करून दिली. ती दिसायला देखणी आहे, माझी काही तक्रार नाही. मी आता कुळगावात मनालीच्या कपाटात एका सीडीवर असते.

तुम्हीही कधी कुणासाठी दार कराल. त्यावर शब्द घालण्याआधी बाहेर उभ्या असलेल्या एखाद्याला तो वाचायला सांगा, एवढीच विनंती. आणि कधी ती सीडी हाती लागली तर मला जरूर उघडा. बटण अजून जागेवर आहे. आत या, चपला काढायची गरज नाही.