भट्टीच्या दाण्यांचा फिल्टर

लेक जया बाळंतपणाला माहेरी आली आणि दयारामच्या घशाखाली घास उतरेना. मागच्या खेपेला सातव्या महिन्यात बाळ गेलं होतं, आणि आता पुन्हा सातवाच लागलेला. डॉक्टरीणबाईंनी पलंगावरून उतरायचं नाही असं बजावलं, म्हणून जावयानं काचेची पेटी आणून दिली, दोन केशरी मासोळ्यांसकट. पडल्या पडल्या पोरीचा जीव रमावा, एवढाच हेतू. पोलाद कारखान्याच्या रुआबांधा वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये पेटी जयाच्या पलंगासमोर ठेवली होती.

जावई गोंदियाला परतला आणि आठ दिवसांत पाणी गढुळलं. मासोळ्या वर येऊन तोंडं उघडू लागल्या. जयाच्या आईनं, पंचफुलानं, दयारामला स्वयंपाकघरात गाठलं.

"आवो, त्यायले काही झालं तर पोरगी मनाले लावून घेईन. काही तरी करा."

"फिल्टर करून राहिलो ना मी. तू तिच्यासमोर रडू नको, बस."

फिल्टर सुपेल्याच्या बाजारात मिळत होता. पण ब्लास्ट फर्नेसवर, लोखंड वितळवायच्या भट्टीवर, वीस वर्षं काढलेला माणूस दुकानातला डबा कशाला आणतो! त्यानं प्लास्टिकच्या बरणीला तापल्या सुईनं भोकं पाडली, तळाशी कापूस अंथरला, मधोमध नळी उभी केली आणि तिच्या बुडाशी हवेच्या पंपाची रबरी नळी सोडली. बुडबुडे वर चढले की पाणी ओढलं जाणार आणि बरणीतून गाळून येणार. राहिली बरणीत भरायची वाळू. ती त्यानं नदीची घेतली नाही. भट्टीतून लोखंडाचा मळ निघतो, तो स्लॅग पाण्यात थंड केला की वाळूसारखा दाणेदार होतो. तोच त्यानं जेवणाच्या डब्यातून आणला. प्लांटच्या मालात खोट नसते, यावर त्याचा देवापेक्षा जास्त विश्वास.

पहिल्या दिवशी पाणी आरशासारखं झालं. दयाराम शेजारपाजारच्यांना बोलावून दाखवायचाच बाकी राहिला. दुसऱ्या दिवशी मासोळ्या कोपऱ्यात तिरप्या पडल्या. त्यानं धसक्यानं आणखी दोन मुठी स्लॅग ओतला.

तिसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये फिल्टरची गोष्ट ऐकून सोबतचा भैयालाल हसला. "अरे दयाराम, स्लॅग में तो चूना रहता है. मछली जिएगी क्या?"

दयारामनं चहा तसाच खाली ठेवला. भट्टीत चुनखडी घालता घालता उमर गेली, आणि ती जाते कुठं, हा साधा प्रश्न या शहाण्याला पडला नव्हता. दोन वाजता पाळी सुटताच त्यानं सायकल अशी हाणली की सुपेल्याच्या चौकात पोलीस ओरडला. घरी जया डोळे मिटून पडलेली होती. एक मासोळी पोट वर करून तरंगत होती. दुसरी अजून कल्ले हलवत होती. त्यानं चोरासारखी मेलेली उचलून रुमालात गुंडाळली, बरणी काढली, जिवंत मासोळी साध्या पाण्याच्या बादलीत सोडली आणि सायकल पुन्हा बाजाराकडे वळवली. तासाभरात तशीच केशरी मासोळी पाण्याच्या पिशवीसकट टिफिनच्या थैलीत लपवून तो परतला.

पेटीतलं पाणी बदलून दोन्ही मासोळ्या तीत सोडताना मागून आवाज आला.

"बाबा, मेली तवा मी जागीच होती."

दयाराम वळलाच नाही. पेटीच्या काचेत त्याला स्वतःचं तोंड दिसत होतं.

"मले मासोळीचं भेव नाही वाटत," जया म्हणाली. "तुमी घडी घडी माह्या पोटाकडं पाहता ना, मंग हसता. त्याचं भेव वाटते. वाटते, बाबाले काही तरी मालूम हाय, माह्यं लेकरू बी जाणार, अन् मले कोणी सांगून नाही राहिलं."

इतके दिवस ज्या पोरीपासून भीती दडवली, तिला त्यानं तीच भीती वाटीवाटीनं पाजली होती.

तो पलंगाच्या कडेला बसला. "नाही वो माय. मले काहीच मालूम नाही. मले निस्तं भेव लागते. लय भेव लागते."

जयानं त्याचा हात ओढून पोटावर ठेवला. आतून लाथ बसली. दयाराम दचकला आणि मग लेकीसमोर, पंचफुला दारात उभी असताना, हमसून हमसून रडला.